उस्तादाचे प्रेम आणि विश्वास

मुलाला प्रथमच मकतबात घेऊन येणारे पालक आजही कधी कधी म्हणतात, ‘‘मौलाना, हाडे आमची, मांस तुमचे!’’ या बोलण्यामागे उस्तादाविषयी आदर असतो, हे खरे. पण जवळ उभ्या असलेल्या त्या लहानग्याला त्यातून काय कळते? ज्यांच्याकडे आपण कुरआन शिकायला आलो, त्यांना आपल्याला मारण्याची मुभा मिळाली, एवढेच! म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) मुलांना कसे वागवीत, हे वाचकहो, आपण पाहिले पाहिजे.

ह. अनस (र.) यांना त्यांच्या मातोश्री ह. उम्मे सुलैम (र.) यांनी बालवयातच प्रेषितांच्या सेवेत दिले. मदीनेतील त्या दहा वर्षांत प्रेषितांनी आपल्याला कधी ‘उफ्’देखील म्हटले नाही, अशी साक्ष ते देतात. एकदा प्रेषितांनी त्यांना कामासाठी जाण्यास सांगितले. अनस (र.) तोंडाने ‘जाणार नाही’ म्हणाले, मनात मात्र जायचेच होते. वाटेत बाजारात मुले खेळत होती. इतक्यात मागून कोणी तरी मान धरली. वळून पाहतात तो प्रेषित (स.) हसत होते! लाडाने ‘उनैस’ अशी हाक मारून त्यांनी विचारले, सांगितले तेथे गेलास का? अनस (र.) उत्तरले, हा निघालोच. कामाची आठवणही राहिली आणि बालमनही दुखावले नाही. प्रेम म्हणजे ढिलाई नव्हे, ते हे असे.

विश्वासाचा प्रसंगही त्यांचाच आहे. प्रेषितांनी सोपविलेल्या एका खासगी कामामुळे त्यांना घरी पोचण्यास उशीर झाला. आईने कारण विचारताच ते म्हणाले, हे गुपित आहे. आईने रागावण्याऐवजी ते कोणालाही न सांगण्याची ताकीद दिली. पुढे आपले शिष्य साबित यांनाही त्यांनी ते सांगितले नाही. ज्या मुलावर विश्वास टाकला, ते अमानत जपणारे झाले.

ह. मुआज (र.) यांचा हात हाती घेऊन प्रेषितांनी आधी आपले त्यांच्यावर प्रेम असल्याचे सांगितले आणि मग नमाजनंतरची दुआ शिकविली. प्रेमाचा शब्द आधी, धडा नंतर, हा क्रम ध्यानात घ्यावा.

याउलट धाकाने काय होते? इब्ने खल्दून यांनी चौदाव्या शतकातील आपल्या ‘मुकद्दिमा’ ग्रंथात याचे मर्म सांगितले आहे. कठोर शिक्षेने मुलाची उमेद खचते. मार चुकविण्यासाठी ते खोटे बोलू लागते आणि पुढे कपट हाच त्याचा स्वभाव बनतो. सत्य शिकविण्यासाठी उगारलेली छडीच असत्य शिकविते, याहून मोठी हानी कोणती?

तेव्हा उस्तादांनी सबक पाठ न झाल्यास आधी कारण विचारावे. मागे पडणाऱ्या मुलाकडे लहानग्यांचा सबक ऐकण्यासारखी एखादी जबाबदारी द्यावी. पालकांनी ‘मौलानांना सांगेन हं’ अशी धमकी देऊ नये. उस्तादाचे नाव घरात भीतीसाठी नव्हे, आदराने घेतले जावे. आणि पुढच्या वेळी मुलाला मकतबात सोडताना एवढेच म्हणावे: ‘‘ही अल्लाहची अमानत आहे, आपण दोघे मिळून सांभाळू.’’

अल्लाह आम्हा सर्वांना ही अमानत जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.