कमिशन किती, याआधी ते येते कुठून

ॲफिलिएट मार्केटिंगमधून घरबसल्या चार पैसे मिळवावेत असे ज्याला वाटते, त्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : सर्वांत जास्त कमिशन कोण देते? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. आधी विचारायचे ते असे की, हे कमिशन कोणाच्या खिशातून येणार आणि त्या माणसाला त्याच्या पैशांच्या मोबदल्यात काय मिळणार. या एका प्रश्नाचे सरळ उत्तर मिळाले, तर चांगला प्रोग्राम निवडणे अवघड राहत नाही. उत्तर मिळत नसेल, किंवा ते देताना समोरचा विषय बदलत असेल, तर टक्केवारी कितीही मोठी असो, तिथून उठावे. या धंद्याचे मूळ तत्त्व अगदी साधे आहे. ॲमेझॉनने जुलै 1996मध्ये आपली असोसिएट्स योजना सुरू केली, तेव्हापासून ते फारसे बदललेले नाही. तुमच्या नावाचा संकेतांक असलेली लिंक तुम्ही लोकांपुढे ठेवता, त्या लिंकवरून कोणी जाऊन खरेदी केली तर विक्रेता आपल्या नफ्यातला छोटा हिस्सा तुम्हाला देतो. ग्राहकाला वस्तू मिळते, विक्रेत्याला गिऱ्हाईक मिळते आणि तुम्हाला दलाली मिळते. तिघांपैकी एकाच्या जरी हाती काही पडत नसेल, तर तो व्यवहार नावापुरताच ॲफिलिएट मार्केटिंग असतो.

प्रामाणिक प्रोग्रामसुद्धा डोळे झाकून घ्यावा असा नसतो, कारण त्याच्या अटी कंपनी लिहिते आणि कंपनीच बदलते. ॲमेझॉनचेच पाहा. तुमच्या लिंकवर क्लिक झाल्यापासून साधारण 24 तासांत झालेली खरेदी तुमच्या नावे धरली जाते. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकली गेली तर ती मुदत 90 दिवसांपर्यंत लांबते. नव्या सभासदाला 180 दिवसांत 3 पात्र विक्री दाखवाव्या लागतात, नाहीतर खाते बंद होते. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी घेतलेली वस्तू मोजली जात नाही. एप्रिल 2020मध्ये कंपनीने अमेरिकेतले दर कमी केले, तेव्हा फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या वस्तूंवरचे कमिशन 8 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणि किराण्यावरचे 5 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आले. वर्षानुवर्षे त्यावर बसवलेले अनेकांचे गणित एका सूचनेने बदलले. यात बेकायदा काही नव्हते. करारात तसा अधिकार कंपनीने राखून ठेवलेलाच होता. म्हणून सगळी मिळकत एकाच प्रोग्रामवर अवलंबून ठेवू नये, आणि सही करण्यापूर्वी चार गोष्टी वाचल्याशिवाय राहू नये : क्लिकची मुदत किती, परत आलेल्या मालाचे कमिशन कसे वजा होते, पैसे किती रक्कम साठल्यावर आणि किती महिन्यांनी मिळतात, आणि लिंक कुठे टाकायला मनाई आहे.

याच्या जोडीला कागदावर एक हिशोब मांडावा. समजा, तुम्ही 2,000 रुपयांच्या प्रेशर कुकरबद्दल लिहिले आणि कमिशन 5 टक्के आहे. हजार जणांनी वाचले, त्यांतल्या पन्नास जणांनी लिंक उघडली, दोघांनी कुकर घेतला, तर मिळकत 200 रुपये. एकाने तो परत केला तर 100. हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत, पण प्रत्येकाने आपले आकडे घालून हीच आकडेमोड केली तर 'महिन्याला लाख रुपये' या वाक्याचे वजन लगेच कळते. लाखाच्या कमाईला अशा हिशोबात पाच लाख वाचक लागतात, तेही दर महिन्याला आणि एकही कुकर परत न येता. इतके वाचक ज्याच्याकडे आहेत, त्याला ते मिळवायला काही वर्षे लागलेली असतात.

यावर आक्षेप येतो की, 5 टक्क्यांच्या मागे कशाला लागायचे. पन्नास-साठ डॉलर एका ग्राहकामागे देणाऱ्या कंपन्याही आहेत. आहेत, वेब होस्टिंगचे क्षेत्र त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथले मोठे कमिशन आपोआप खोटे ठरत नाही. पण ते परवडते कसे, हे पाहावे. पहिल्या वर्षाचा दर स्वस्त दाखवायचा आणि नूतनीकरणाच्या वेळी तो बराच वाढवायचा, ही या व्यवसायाची सर्रास पद्धत आहे. म्हणजे तुमचे कमिशन ग्राहक पुढच्या वर्षांत फेडतो. ही गोष्ट तुम्ही त्याला आधी सांगितली आणि तरीही त्याला ती सेवा योग्य वाटली, तर तो व्यवहार स्वच्छ आहे. ती लपवली तरच विक्री होणार असेल, तर तुम्ही निवडलेला प्रोग्राम चुकीचा आहे. मोठ्या कमिशनला हरकत नाही. त्याचा खुलासा होत नसेल तर मात्र हरकत घ्यावी.

खुलासा मुळीच होऊ शकत नाही असा एक प्रकार सध्या मराठी तरुणांपर्यंत जोरात पोहोचतो आहे. काही हजारांचे 'पॅकेज' विकत घ्या, त्यात ॲफिलिएट मार्केटिंग शिका आणि मग तेच पॅकेज दुसऱ्यांना विकून त्यातला मोठा वाटा कमवा. इथे वस्तू कोणती? शिकवणी. ती शिकवते काय? हीच शिकवणी विकायला. बाहेरच्या जगातला एकही ग्राहक या साखळीत पैसे आणत नाही. आधी आलेल्याची कमाई म्हणजे नंतर आलेल्याची फी. प्रत्येकाने पाच जण जोडायचे म्हटले, तर बाराव्या पायरीवर 24 कोटींहून जास्त माणसे लागतात. 2011च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. म्हणजे तळाच्या पायऱ्यांवरच्या बहुसंख्य लोकांचे पैसे बुडणे या रचनेतच ठरलेले असते. कोणी कमी मेहनत केली म्हणून ते बुडत नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून 2018मध्ये 'मोब' या कंपनीविरुद्ध दाखल केलेला खटला याच जातीचा होता. 49 डॉलरच्या प्रवेशापासून सुरू होणारी ही सभासदत्वे पुढे जवळजवळ 60 हजार डॉलरपर्यंत चढत गेली होती, आणि लोकांकडून साडेबारा कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा झाल्याचा आयोगाचा आरोप होता. आपल्याकडे 1978चा मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी घालणारा कायदा आहे, आणि डिसेंबर 2021मध्ये आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनी पिरॅमिड योजनांना स्पष्ट मनाई केली आहे.

'कुठल्याही धंद्याला भांडवल लागतेच, मग प्रवेश फी दिली तर काय बिघडले?' हा युक्तिवाद या योजनांच्या प्रत्येक सभेत ऐकू येतो आणि तो वरवर पटतो. दुकानदार भांडवल घालतो तेव्हा त्याच्या हाती गाळा, माल, वजनकाटा असे काही येते, आणि धंदा बुडाला तरी त्यातले काही विकता येते. प्रवेश फी भरणाऱ्याच्या हाती असे काहीच येत नाही. विक्रेत्याला तुमच्या मार्फत गिऱ्हाईक हवे असेल, तर तुमच्याकडून पैसे घेण्याचे त्याला कारणच नसते. उलट तुम्ही त्याचे काम करता. म्हणून खऱ्या ॲफिलिएट प्रोग्राममध्ये नाव नोंदवणे फुकट असते. शिकण्यासाठी पैसे खर्च करायला माझा विरोध नाही. लेखन, छायाचित्रण, व्हिडिओ संपादन शिकण्यासाठी जरूर खर्च करावा, कारण ते कौशल्य प्रोग्राम बंद पडला तरी तुमच्याजवळ राहते. पण काम मिळण्यासाठी पैसे द्यावे लागत असतील, तर ते काम नव्हे. टेलिग्रामवर रेटिंग देण्याचे 'टास्क' देऊन आधी थोडे पैसे देणारे आणि मग मोठी रक्कम भरायला लावणारे टोळकेही हेच करते. तिथे पैसे अडकले तर लाजून गप्प न बसता ताबडतोब 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी.

वस्तू खरी आहे आणि फीही नाही, तरीही टाळावेत असे काही प्रोग्राम आहेत, कारण त्यांत तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्याचे नुकसान फार मोठे होऊ शकते. परकीय चलनाच्या सट्ट्याची ॲप भरघोस कमिशन देतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022पासून अनधिकृत मंचांची यादीच प्रसिद्ध केली आहे, ती आधी पाहावी. शेअर बाजाराबाबत सेबीने ऑगस्ट 2024मध्ये नियम कडक केले असून, नोंदणी नसताना सल्ला देणाऱ्यांशी वा परताव्याचे दावे करणाऱ्यांशी संबंध ठेवायला नोंदणीकृत संस्थांना मनाई केली आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025मध्ये कायदा केला. त्यात जाहिरात करणाऱ्यालाही 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. 'मी फक्त लिंक दिली' असे म्हणून या जबाबदारीतून सुटता येत नाही, आणि सुटता येऊही नये. तुमच्या शब्दावर कोणी आपली बचत लावली असेल, तर तिचा वाटेकरी होणारा माणूस तिच्या नुकसानीपासून अलिप्त कसा राहील?

हाच न्याय कमिशन उघड करण्याला लागू होतो. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, शिफारशीमागे आर्थिक संबंध असेल तर तो सहज दिसेल असा सांगावा लागतो. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत, आणि पुन्हा तेच केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'कमिशनचे सांगितले तर लोक विकत घेणार नाहीत' अशी भीती अनेकांना वाटते. माझे म्हणणे असे की, कमिशन कळल्यावर जी शिफारस कोसळते, ती करण्याजोगी नव्हतीच. मराठी वाचकासाठी लिहीत असाल तर हे मराठीतच आणि लिंकच्या आधी लिहा. पानाच्या तळाशी बारीक इंग्रजीत लिहिणे म्हणजे न सांगण्यासारखेच.

मग निवड करायची कशी? उलट्या दिशेने. आधी तुमचे वाचक किंवा प्रेक्षक कोण आहेत ते ठरवा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी लिहिणाऱ्याने पुस्तकांचा प्रोग्राम घ्यावा, ठिबक सिंचनाबद्दल सांगणाऱ्याने त्याच्या साहित्याचा. त्यात कमिशन कमी असले तरी विचारणा खरी असते. जी वस्तू कमिशन नसतानाही तुम्ही सख्ख्या भावाला सुचवली असती, तीच यादीत ठेवा. त्यानंतर अटी पाहा, मग पैसे वेळेवर मिळतात का ते त्याच प्रोग्राममधल्या जुन्या सभासदांना विचारा, आणि सर्वांत शेवटी टक्केवारीची तुलना करा. कराचा हिशोबही आधीच धरा : कमिशनवरचा टीडीएस ऑक्टोबर 2024पासून 5 टक्क्यांवरून 2 टक्के झाला आहे, पण पॅन दिला नाही तर 20 टक्के कापला जातो, आणि सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. एवढे सगळे करूनही पोट भरण्याइतके पैसे मिळणार नाहीत, असे कोणी म्हणेल. बहुतेकांच्या बाबतीत, निदान सुरुवातीला, ते खरेच आहे. म्हणूनच नोकरी सोडून, कर्ज काढून किंवा दागिने मोडून यात उतरू नका. पैसे न भरता नाव नोंदवता येते, कमिशन खऱ्या ग्राहकाच्या खऱ्या खरेदीतून येते आणि ते उघडपणे सांगायला संकोच वाटत नाही, असा प्रोग्राम सापडला तर थोडक्या मिळकतीवर समाधान मानून सुरुवात करा. या तीनपैकी एक जरी अट पुरी होत नसेल, तर तो प्रोग्राम सोडून द्या.