आधी जमीन बघ, मग मॅट घे

पोरी, कॅरीमॅट घ्यायला निघाली आहेस तर दुकानात वजन विचारण्याआधी एवढं ठरव, की झोपायचं कुठे आणि कोणत्या महिन्यात. डिसेंबरात रतनगडाच्या गुहेत झोपणं वेगळं आणि केदारकंठ्याच्या वाटेवर बर्फात तंबू टाकून झोपणं वेगळं. दोन्हीकडे एकच मॅट पुरत नाही.

मॅट मऊपणासाठी असते असं बहुतेकांना वाटतं. तिचं खरं काम ऊब राखण्याचं. स्लीपिंग बॅगेतली पिसं किंवा फायबर फुगलेलं असतं तोवर त्यात हवा अडकून राहते आणि ऊब टिकते. पण अंगाखाली ते चेपलं की हवा निघून जाते, आणि सह्याद्रीचा काळा कातळ तुझ्या अंगातली ऊब रात्रभर ओढत राहतो. भारीतली बॅग आणि खाली नुसती चादर, अशा तयारीनं आलेली मुलं पहाटे तीनला शेकोटी शोधत असतात. गडांवरच्या थंडीसाठी पैशांची ओढाताण असेल तर बॅग साधी घे, मॅट चांगली घे.

आपल्या गडांसाठी मी फोमचीच मॅट सांगेन. करवंदीचे, बोरीचे काटे, गुहेतली खडी, कुणाची तरी सांडलेली ठिणगी. हवेच्या मॅटचा तिथे निभाव लागत नाही. फोमला भोक पडलं तरी झोप मोडत नाही. मात्र फोम आतून बंद बुडबुड्यांचा हवा. कोपऱ्याला तोंड लावून जोरात फुंक मार. हवा पार गेली तर तो स्पंज आहे, पावसाळ्यात पाणी पिऊन जड होईल. जाडी ८ ते १० मिलिमीटर बघ. योगा मॅट नेऊ नकोस, ती पातळ असूनही बरेचदा किलोभर भरते. चंदेरी कागद लावलेल्या मॅटच्या चमकण्यावरही जाऊ नकोस. तो कागद जमिनीला टेकला की ऊब अडवत नाही, अडवतो तो फोमच.

वजन आणखी कमी करायचं असेल तर मॅट १२० सेंटीमीटरवर काप. खांद्यापासून मांडीपर्यंत पुरते, पायाखाली रिकामी सॅक घालायची. बर्फात मात्र पूर्ण लांबीचीच.

आता हे नीट ऐक. मॅट सॅकच्या बाहेर आडवी बांधायची नाही. कारवीच्या रानात ती दर चार पावलांना अडकते, तो त्रास झाला. आडव्या, अरुंद वाटेवर तिचं टोक कातळाला टेकलं की सगळा भार तुला दरीकडे ढकलतो. तो धक्का एवढा अचानक येतो की सावरायला जागा नसते. रिकाम्या सॅकमध्ये मॅट आतून गोल पसरायची आणि पोकळीत बाकीचं सामान भरायचं. सॅकला आकार येतो, पाठीला भांडी टोचत नाहीत, मॅटही कोरडी राहते. सॅक लहान असेल तर बाजूला उभी बांध, पण कड्याच्या बाजूच्या वाटा असतील तेव्हा तेही नको.

हिमालयात जाशील तेव्हा आर-व्हॅल्यू बघ. हा आकडा जितका मोठा, तितकी ऊब जमिनीत कमी जाते. घडीच्या चांगल्या फोमची साधारण २ असते. बर्फासाठी ४च्या पुढे हवी, आणि तुला थंडी जास्त बाधते म्हणून ५ धर. जाडीवर भुलू नकोस. आत ऊबदार थर नसलेली हवेची मॅट चार बोटं जाड असली तरी थंडच, कारण आतली हवा फिरत राहते आणि ऊब खाली नेते. एकावर एक मॅट घातल्या तर आकड्यांची बेरीज होते, त्यामुळे तुझी गडावरची फोमची मॅट वाया जायची नाही. ती खाली घाल, वर हवेची. खालची वरचीला काट्याखड्यांपासून सांभाळेलही. ट्रेक नेणारी संस्था मॅट देणार असेल तर ती कोणती, हे निघण्याआधी फोनवरच विचार.

हवेची मॅट तोंडानं फुंकण्यापेक्षा पंपाच्या पिशवीनं भर, श्वासातली वाफ आत जात नाही. संध्याकाळी टम्म भरलेली मॅट रात्री सैल पडली तर लगेच पंक्चर समजू नकोस. गारठ्यानं आतली हवा आकसते. आडवं होण्याआधी पुन्हा थोडी भर. घरी आलीस की व्हॉल्व्ह उघडा ठेवून सावलीत वाळव.