आधी होल्डर मागा

जुना लाकडी फील्ड कॅमेरा विकणारा आधी लाकूड आणि पितळ दाखवतो, आणि घेणारा तिथेच फसतो. मीही फसलोय, म्हणून ठासून सांगतो: हा कॅमेरा पितळावर जोखायचा नाही, मागच्या प्लेट होल्डरवर जोखायचा. इंग्लंडचा थॉर्नटन-पिकार्ड असो की केरळात अलप्पुळाला बनलेला वागीश्वरी, दोघांची प्लेट पावणेपाच बाय साडेसहा इंचांची, म्हणजे हाफ प्लेट असली तरी एकाचा होल्डर दुसऱ्यात बसेलच असं नाही. त्या काळी ज्याची त्याची खाच वेगळी होती. शिवाय आज सहज मिळणारी शीट फिल्म चार बाय पाच इंचांची. हाफ प्लेटच्या होल्डरमध्ये ती अडॅप्टरशिवाय बसतच नाही. रोज हाच धंदा करणाऱ्याला हे ठाऊक नसेल? तरीही ‘चालू कंडिशन’ म्हणताना त्याची जीभ अडखळत नाही, याचाच जास्त संताप येतो.

पुण्याजवळ, मुळशीतल्या माणमध्ये यावर ठरलेलं उत्तर मिळतं: भोसरी-चाकणची वर्कशॉपं हाकेवर असताना होल्डर बनवून घ्यायला कितीसा वेळ लागतो? होल्डर बनेल, मान्य. पण माप कुठलं देणार? फोकस जुळवायच्या घासलेल्या काचेची खरखरीत बाजू लेन्सकडे हवी, आणि ती जिथे येते नेमकी तिथेच फिल्म यायला हवी. फुटलेली काच बदलताना कोणी ती उलटी बसवली असेल, तर काचेच्या जाडीएवढा फरक पडतो. मग काचेवर पापण्या रेखीव दिसतात आणि निगेटिव्हवर कान रेखीव येतात. म्हणून आधी काच तपासा, मग डेप्थ व्हर्नियरने खोली मोजा, आणि मगच वर्कशॉपची पायरी चढा.

‘पॉलिश केलंय म्हणजे जपलंय’ हेही खरं नाही. बफ मारताना लेन्सवरचे ॲपर्चरचे आकडेच पुसले जातात. बेलोज पूर्ण ताणून अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावा आणि घड्यांचे कोपरे बघा. छिद्रं असतील तर तिथे चांदण्या दिसतात. मुळशीच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, तीही बघा. घाई करू नका, पावती घ्या. नुसता दिवाणखान्यात मांडायचा असेल तर यातलं काही नको, पण मग किंमतही शोभेच्या वस्तूचीच द्या. विकणारा टॉर्च लावू देत नसेल, किंवा ‘होल्डर नंतर देतो’ म्हणत असेल, तर पैसे खिशातून काढू नका.