पडद्यावरील पाठ आणि ऐकणारा विद्यार्थी

छापील पुस्तक डोळस वाचकाच्या हाती आले की ते वाचावयास उजेडावाचून दुसरे काही लागत नाही. संगणकावरील पाठाची गोष्ट वेगळी आहे. पडद्यावर दिसतो तो एक पाठ, आणि संगणकाच्या स्मृतीत साठविलेला असतो तो दुसरा. डोळ्यांनी वाचणाऱ्यास हा भेद सहसा जाणवत नाही. परंतु दृष्टिहीन विद्यार्थी वाचतो तो हा दुसरा, न दिसणारा पाठ होय.

संगणकावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीस 'स्क्रीन रीडर' म्हणतात. ऑस्ट्रेलियात मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली 'एनव्हीडीए' नावाची अशी आज्ञावली लिहावयास घेतली व ती सर्वांस विनामूल्य खुली केली. स्क्रीन रीडर मूलतः पडद्यावरील चित्र न्याहाळीत नाही. स्मृतीत प्रत्येक अक्षराच्या जागी एक क्रमांक असतो; तो उचलून ती त्याचा उच्चार घडविते. म्हणून पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे काढून ती विद्यार्थ्यांस पाठविली, तर त्यांत अक्षरे नसतातच. असतात ते केवळ काळे-पांढरे ठिपके. शाळेने मोठ्या हौसेने पाठविलेले असे पुस्तक दृष्टिहीन विद्यार्थ्यापुरते कोरेच राहते. चित्रातील अक्षरे ओळखणारी आज्ञावली येथे काहीशी उपयोगी पडते, पण तिने ओळखलेला मजकूर मुळाशी ताडून पाहणे भाग असते.

देवनागरीच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. जुन्या अनेक फॉन्टमध्ये रोमन अक्षरांचेच क्रमांक वापरून त्यांवर देवनागरी आकार चढविलेले असत. पडद्यावर शुद्ध मराठी दिसे, आणि ऐकणाऱ्याच्या कानी मात्र रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी पडे. युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली आणि तीत देवनागरीस स्वतःचे क्रमांक मिळाले. 'किरण' हा शब्द आता २३२५, २३६७, २३५२, २३३९ असा साठविला जातो. यातील दुसरा क्रमांक ऱ्हस्व वेलांटीचा आहे. कागदावर ही वेलांटी 'क'च्या आधी येते, खिळे जुळविणाराही ती आधी उचलीत असे. युनिकोडात मात्र ती उच्चाराच्या क्रमाने 'क'च्या मागून येते. कानाने वाचणाऱ्यास अनुकूल असाच हा क्रम आहे. हाच मजकूर, योग्य साधन जोडल्यास, १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलच्या उठावदार ठिपक्यांतही उमटविता येतो.

अक्षरे बरोबर असली म्हणजे सारे झाले असे नव्हे. डोळस विद्यार्थी तीस पानांचा पाठ चाळून हवे ते प्रकरण क्षणात शोधतो. ऐकणाऱ्यास ही सोय मिळावी, तर शीर्षक नुसते ठळक न करता 'हे शीर्षक आहे' अशी खूण मजकुरात करावी लागते. मग एका कळीने एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाता येते. गणितात तर खुणेवाचून अनर्थच होतो. 'दोन अधिक चार भागिले दोन' असे ऐकले, तर उत्तर ३ की ४? अपूर्णांकाची आडवी रेघ केवढ्या पदावर आहे, हे पाहणाऱ्यास दिसते. ऐकणाऱ्यास ते सांगावे लागते. गणिती मांडणीसाठी असलेल्या 'मॅथएमएल' या संकेतात ही माहिती साठविता येते.

आकृतीचे वर्णन हा सर्वांत कष्टाचा भाग. 'आकृतीत लंबक दाखविला आहे' एवढ्याने काहीच कळत नाही, आणि खोलीच्या रंगापासून सारे सांगत बसल्यास मुद्दा बुडून जातो. आकृती काढून टाकली तर पाठातील काय हरवेल, तेवढेच लिहावे. दोलनकाल शिकवावयाचा असेल, तर दोऱ्याची लांबी कोठून कोठपर्यंत मोजली आहे हे आलेच पाहिजे.

विद्यार्थ्याने स्वतः हाताळावयाच्या पाठांत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यातील एका प्रयोगात एक माणूस गालिच्यावर पाय घासतो, विद्युत्भार साठतो, हात दाराच्या मुठीजवळ नेताच ठिणगी उडते. पूर्वी पाय हलविण्यास माउस लागे. पुढे कळफलकानेही तो हलविता येईल, आणि पाय कोठे, हात मुठीपासून किती दूर, हे शब्दांनी व ध्वनींनी कळेल अशी योजना करण्यात आली. अशा वर्णनात दिसते तेवढेच सांगणे इष्ट. ठिणगी का उडाली हेही आधीच सांगून टाकले, तर प्रयोग कसला? तो शोध दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाट्यालाही यावयास हवा.

इतर विद्यार्थ्यांच्या गरजाही आहेत. बहिऱ्या विद्यार्थ्यास ध्वनिचित्रफितीखाली लिखित संवाद हवेत; ज्यास तांबडा व हिरवा रंग वेगळे ओळखू येत नाहीत, त्यास 'चूक' व 'बरोबर' शब्दांत सांगावयास हवे; मंद दृष्टीसाठी अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ः१ हे प्रमाण मान्य झालेले आहे.

कायद्याची वाट बरीच मोकळी झाली आहे. भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन अपंग वाचकांसाठी सुलभ प्रती काढण्यास मुभा मिळाली. २०१३ च्या माराकेश करारास मान्यता देणारा भारत हा २०१४ मध्ये पहिला देश ठरला, आणि २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे संगणकीय ग्रंथालय उघडले. तथापि परवानगी मिळाल्याने आकृतीचे वर्णन आपोआप लिहिले जात नाही.

शिक्षकास आपल्या पाठाची परीक्षा घेण्यास मोठी सामग्री लागत नाही. माउस काढून ठेवावा, पडदा बंद करावा, स्क्रीन रीडर चालू करावा आणि केवळ कळफलकाच्या साहाय्याने तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोहोचून त्याचे उत्तर देऊन पाहावे. कोठे अडले, ते टिपून ठेवावे. दुरुस्तीस तेथूनच आरंभ करावा.