जांभ्यातील लोखंड

कोल्हापूरची ओळख कुस्ती आणि गुळाइतकीच ओतकामाचीही आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रींत लोखंड वितळते, तेव्हा आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरची चूल पेटते. परंतु हे लोखंड मुळात कोणत्या दगडातून येते, असे वर्गात विचारले की शांतता पसरते. म्हणून हे टिपण.

निसर्गात लोह बहुधा प्राणवायूशी संयोग पावलेल्या रूपात असते. शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये लोहाचे प्रमाण सुमारे ७२ टक्के, हेमॅटाइटमध्ये ७०, गोथाइटमध्ये ६३, तर सिडेराइट या कार्बोनेटमध्ये ४८ असते. खाणीतल्या दगडात माती व सिलिका मिसळलेली असल्याने प्रत्यक्षात ते कमी भरते. बाह्य रंगावर विसंबू नये. हेमॅटाइट पुष्कळदा काळसर दिसते. मात्र झिलई नसलेल्या चिनीमातीच्या तुकड्यावर घासल्यास त्याची रेघ तांबडीच उमटते. मॅग्नेटाइटची रेघ काळी, गोथाइटची पिवळसर तपकिरी. मॅग्नेटाइट लोहचुंबकाकडे ओढलेही जाते.

पन्हाळ्याच्या माथ्यावरील जांभ्यातही लोह आहे. काळा पाषाण दीर्घकाळ पावसाने झिजला, त्यातील सिलिका वाहून गेली, लोह व ॲल्युमिनियम मागे उरले. जांभ्याचा तांबूस-पिवळा रंग हेमॅटाइट व गोथाइट यांचाच. आजच्या पोलाद कारखान्यांना हा दगड परवडत नाही. त्यांच्यासाठी गडचिरोलीतील सूरजागडसारख्या खाणी खोदल्या जातात.

तथापि याच सह्याद्रीत, महाबळेश्वर परिसरात, धावड लोक जांभ्यातील खनिज वेचून लोखंड गाळीत. मातीची भट्टी, कातड्याचा भाता आणि लाकडी कोळसा एवढीच त्यांची सामग्री. कोळशाच्या ज्वलनातून निघणारा वायू खनिजातील प्राणवायू हिरावून घेतो, हे सूत्र त्यांनी लिहिले नव्हते. पण दगड कोणता घ्यावा आणि भाता किती वेळ चालवावा, हे त्यांचे हात जाणत होते. इंग्रजी अमलात जंगले राखीव झाली, कोळसा दुर्मीळ झाला, स्वस्त विलायती लोखंड आले आणि भट्ट्या विझल्या. दगड तिथेच राहिला, विद्या गेली.

जे लिहिले गेले नाही ते अज्ञान नव्हे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानी घ्यावे. सुट्टीत गावी गेल्यावर शेतात किंवा डोंगरउतारावर जड, काळे, सच्छिद्र लोहकीट सापडले, तर ते फेकू नये. जागा, तारीख आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती वहीत लिहून आणावी. विझलेल्या भट्टीचा तोच पुरावा ठरू शकेल.