टायमिंग बेल्ट तुटला: हेड उतरवण्याआधी काय तपासाल, किती खर्च धराल

चालती गाडी एकदम बंद पडते. चावी फिरवली तर स्टार्टर फिरतो, उलट नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या गाडीत असं झालं की पहिला संशय टायमिंग बेल्टवर घ्यायचा. स्टार्टर हलका फिरतो, कारण कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबलेला असतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहिलेले असतात आणि पिस्टनला दाबायला हवा उरलेली नसते. अनुभवी मेकॅनिक हा आवाज फोनवरूनही ओळखतो.

या क्षणी गाडीमालक जे करतो त्यावर पुढचं बिल ठरतं. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. चार माणसं गोळा करून धक्का स्टार्ट तर मुळीच करू नका. पट्टा तुटलेला असताना क्रँकशाफ्ट फिरवला की पिस्टन वर येऊन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आपटतो आणि जो व्हॉल्व्ह वाचला असता तोही वाकतो. गाडी घाटात किंवा द्रुतगती मार्गावर बंद पडली असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. इंजिन थांबलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं कडक होतं. पॉवर स्टीअरिंगही जड होतं. म्हणून पेडल सोडून सोडून दाबण्यापेक्षा एकदाच जोरात दाबून धरा, धोक्याचे दिवे लावा आणि गाडी डावीकडे घ्या. टो करताना गाडी न्यूट्रलमध्येच हवी. टोइंगला शहरात साधारण दीड ते अडीच हजार रुपये पडतात, महामार्गावर अंतराप्रमाणे जास्त. विम्याच्या पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीचं कलम घेतलं असेल तर हे पैसे वाचतात. टोइंगवाल्याला फोन लावण्याआधी पॉलिसी उघडून बघा.

टायमिंग बेल्ट म्हणजे दाते असलेला रबरी पट्टा, आत काचतंतूंच्या दोऱ्या. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक, हे गणित तो सांभाळतो. सगळ्या गाड्यांना तो नसतो. जुनी मारुती ८००, ओम्नी, एफ १० इंजिनाची वॅगन-आर, सॅन्ट्रो, १.१ लिटरची आय-टेन, ॲक्सेंट, १.४ लिटरची इंडिका डिझेल, १.५ डिझेलची डस्टर, पोलो डिझेल, जुनी डिझेल इनोव्हा, या पट्ट्यावर चालतात. स्विफ्टचं १.३ डिझेल, मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं, आय-टेनचं १.२ कप्पा इंजिन यांना साखळी असते. एकाच नावाच्या गाडीत दोन्ही प्रकार सापडतात, तेव्हा नुसतं मॉडेल न सांगता इंजिन कोणतं तेही सांगा.

दुसरा भेद पैशाच्या दृष्टीने फार मोठा. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला तरी वर आलेल्या पिस्टनपासून त्याला जागा उरते. अशा इंजिनाचा पट्टा तुटला तर नवा चढवून गाडी चालू होते. बाकीच्यांत दोघं एकाच जागेत येतात, फक्त वेगवेगळ्या वेळी, आणि ती वेळ पट्टाच पाळत असतो. डिझेल इंजिनं जवळजवळ सगळी या दुसऱ्या प्रकारात मोडतात, कारण त्यांच्यात दाब इतका हवा असतो की पिस्टनच्या डोक्यावर मोकळी जागा ठेवायला वावच नसतो. पेट्रोलमध्ये सॅन्ट्रोचं १२ व्हॉल्व्हचं इंजिन याच पंगतीत बसतं. आपलं इंजिन कोणत्या प्रकारचं हे गॅरेजवाल्याला पहिल्याच फोनवर विचारा. त्याला ते सांगता आलं नाही तर काम दुसरीकडे न्या.

आता निदान. माझा आग्रह या टप्प्यावर आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. 'बेल्ट तुटलाय, हेड उतरवावं लागेल, पंचवीस हजार धरा' हे वाक्य गाडी गॅरेजमध्ये ढकलून लावल्यानंतर पाच मिनिटांत ऐकायला मिळतं. बेल्ट तुटणं आणि व्हॉल्व्ह वाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचा पुरावा वेगवेगळा मागता येतो.

पहिला पुरावा पट्ट्याचा. बहुतेक छोट्या गाड्यांत वरचं प्लॅस्टिकचं कव्हर चार-सहा बोल्ट काढले की निघतं. आत पट्टा दिसतो. तो तुटून लोंबत असेल तर प्रश्न मिटला. पण कधी कधी वरून पट्टा अखंड दिसतो आणि खाली क्रँकच्या पुलीजवळ चार-पाच दाते खरवडून गेलेले असतात. म्हणून मेकॅनिकला पाना लावून क्रँक हाताने अगदी थोडा हलवायला सांगा आणि कॅमची पुली सोबत हलते का ते बघा. डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या मारुती ८०० मध्ये आणखी सोपी सोय आहे. तिथला रोटर कॅमशाफ्टवरच फिरतो. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून क्रँक हलवला आणि रोटर ढिम्म राहिला, तर पट्टा गेलाच. याउलट पट्टा ताठ, दाते शाबूत आणि पुली फिरते आहे असं दिसलं तर इंजिनाला हात लावायचं कारण नाही. मग शोध पेट्रोल पंप, इग्निशन कॉइल किंवा क्रँक सेन्सरकडे वळतो. तो खर्च निराळा आणि पुष्कळदा कमी. कव्हर उघडून बघण्याचे तीनशे ते पाचशे रुपये द्यायला कुरकुर करू नका.

दुसरा पुरावा व्हॉल्व्हचा, आणि तो हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, न उतरवता मिळतो. क्रँक आणि कॅमच्या पुलीवरच्या खुणा जुळवून नवा किंवा तात्पुरता एखादा जुना पट्टा चढवायचा, इंजिन आधी पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं. मध्येच कुठे कडक अडलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही. मोकळं फिरलं तर स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा कॉम्प्रेशन दाब मोजायचा. धडधाकट पेट्रोल इंजिनात आकडे साधारण १५० पीएसआयच्या आसपास किंवा वर आणि एकमेकांच्या जवळ येतात. ज्या सिलिंडरात व्हॉल्व्ह वाकला असेल तिथे काटा जेमतेम हलतो. आकडे कागदावर लिहून घ्या. याहून नेमकी परीक्षा म्हणजे प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडणं. त्या सिलिंडरचे दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद असायला हवेत, अशा स्थितीत इंजिन आणून हवा सोडतात. हवा एअर फिल्टरकडून फुसफुसली तर इनटेकचा व्हॉल्व्ह गेला, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्टचा. काही गॅरेजांकडे आता नळीला लावलेला छोटा कॅमेरा असतो. तो प्लगच्या भोकातून आत घातला की पिस्टनच्या काळ्या डोक्यावर चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण दिसते. व्हॉल्व्ह आपटला तिथली काजळी उडून उघडा पडलेला तो धातू असतो. खूण दिसली तर हेड उतरवण्याला हरकत घेऊ नका, पण मोबाइलवर तिचा फोटो मागून घ्या. या सगळ्या तपासणीला पाचशे ते दीड हजार लागतात. पंचवीस हजारांच्या कामाआधी एवढा खर्च पूर्णपणे योग्य आहे.

पुढचे आकडे महाराष्ट्रातल्या शहरांतल्या बाहेरच्या गॅरेजांचा ढोबळ अंदाज म्हणून धरा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मजुरी दीडपट-दुप्पट असू शकते.

व्हॉल्व्ह वाचले असतील तर छोट्या पेट्रोल गाडीचं काम अडीच ते पाच हजारांत होतं. पट्टा आणि तो ताणून धरणारा टेन्शनर दोन्ही बदला. पट्टा नवा आणि टेन्शनरचं बेअरिंग जुनं, ही काटकसर महागात पडते, कारण पट्टा पुष्कळदा बेअरिंग जाम झाल्यामुळेच तुटतो. पट्टा का तुटला हे मेकॅनिकने तुम्हाला दाखवलंच पाहिजे. तुटलेला तुकडा हातात घ्या. तेलाने चिकट झालेला असेल तर कॅम किंवा क्रँकचं ऑइल सील गळतंय. ते न बदलता नवा पट्टा टाकला तर तोही तेलात भिजून फुगेल. कड एकाच बाजूने झिजलेली असेल तर पुली किंवा टेन्शनर तिरका बसलाय. पाठीवर बारीक भेगाच भेगा असतील तर पट्टा वयाने गेला. ज्या इंजिनांत वॉटर पंप याच पट्ट्यावर चालतो, तिथे पंपही याच वेळी बदलावा. पंप वेगळा बदलायला पुन्हा तीच सगळी मजुरी पडते. पोलो किंवा डस्टरसारख्या डिझेल गाडीत पट्टा, टेन्शनर, आयडलर आणि पंप मिळून बारा ते पंचवीस हजार धरावेत.

व्हॉल्व्ह वाकले असतील तर सॅन्ट्रोसारख्या गाडीला पंधरा ते अठ्ठावीस हजार, छोट्या डिझेलला पस्तीस ते सत्तर हजार. या आकड्यात नेमकं काय येतं ते समजून घ्या. हेड उतरतं आणि लेथवाल्याकडे जातं. तिथे वाकलेले व्हॉल्व्ह बदलतात, गाइड तपासतात, सीट घासून व्हॉल्व्ह बसवतात आणि हेडचा पृष्ठभाग सरळ करतात, त्याला फेसिंग म्हणतात. व्हॉल्व्ह सील सगळे नवे. हेड गॅस्केट नवं, जुनं पुन्हा वापरता येत नाही. त्यावर कूलंट, इंजिन ऑइल, फिल्टर आणि पट्ट्याचा सगळा संच. लेथवाल्याची पावती वेगळी मागा. या कामात सगळ्यात जास्त फुगवलेला आकडा तिथलाच असतो, असं माझं मत आहे. 'सगळेच व्हॉल्व्ह बदलू' असं सांगितलं तर दर व्हॉल्व्हचा भाव विचारा. स्वस्त असतील आणि गाडी खूप चाललेली असेल तर सगळे बदलणं योग्यच आहे. डिझेलचे महाग असतात, तिथे सरळ असलेले परत वापरता येतात.

हेड बसवताना बोल्ट टॉर्क रेंचने आणि ठरलेल्या क्रमानेच आवळायचे असतात. ज्याच्याकडे टॉर्क रेंच नाही त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका. अंदाजाने आवळलेलं हेड पाच-सहा महिन्यांत पाणी गळायला लागतं आणि तेव्हा दोष गॅस्केटच्या माथी मारला जातो.

हा खर्च गाडीच्या किमतीला परवडतो का? सत्तर हजारांत विकली जाणारी सॅन्ट्रो आणि वीस हजारांची दुरुस्ती, यात मी दुरुस्तीच्या बाजूने आहे, पण बॉडी गंजलेली नसेल आणि क्लच-सस्पेन्शन ठीक असेल तरच. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर फेरनोंदणीही हिशेबात घ्या. एप्रिल २०२२ पासून पंधरा ते वीस वर्षांच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ५,००० रुपये झालं आहे. पर्यावरण कर आणि फिटनेससाठी लागणारी डागडुजी त्याहून वेगळी. खर्च कमी करायचा तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा आपल्या गावच्या जुन्या सामानाच्या बाजारात अख्खं हेड किंवा अख्खं इंजिन मिळतं. जुनं हेड घ्यायचं तर ते लेथवाल्याकडे तपासून मगच पैसे मोजा. अख्खं इंजिन बदललं तर त्याचा नंबर बदलतो आणि तो आरटीओत आरसीवर चढवून घ्यावा लागतो. कागद नसलेलं इंजिन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. विम्याकडून मात्र आशा धरू नका. झीज होऊन आलेला यांत्रिक बिघाड साध्या मोटार पॉलिसीत येत नाही. 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा कलमही मुख्यतः पाणी शिरण्यासारख्या प्रसंगांसाठी असतं.

काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक लेखी घ्या, आणि ते दोन टप्प्यांत घ्या: तपासणीचं आधी, दुरुस्तीचं तपासणीनंतर. त्यावर 'विचारल्याशिवाय यापेक्षा जास्त काम करू नये' असं लिहून सही करा. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं अंदाजपत्रकही चालतं. वाकलेले व्हॉल्व्ह, जुना पट्टा, टेन्शनर हे सगळं परत मागा. वाकलेला व्हॉल्व्ह काचेवर गडगडवला की त्याची डुगडुग डोळ्याला दिसते. नव्या पट्ट्याचं रिकामं खोकंही मागा आणि त्यावरचा पार्ट नंबर बिलावर आला पाहिजे, कारण बनावट पट्टे बाजारात सर्रास मिळतात. पक्कं बिल घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा ठरते. वाद झाला तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे सुटला नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही.

ज्यांचा पट्टा अजून तुटलेला नाही त्यांनी या आठवड्यात एवढं करावं. गाडीच्या पुस्तिकेत पट्ट्याची मुदत बघा. जुन्या पेट्रोल गाड्यांना ती बहुधा ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान असते. गाडी कमी चालत असेल तरी रबर वयाने कडक होतं, म्हणून चार-पाच वर्षांनी पट्टा बदलावाच. बदलल्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून चिठ्ठी बॉनेटच्या आत चिकटवा. आणि जुनी गाडी विकत घेत असाल तर पट्टा बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा, छोट्या पेट्रोल गाडीला पाच हजार आणि डिझेलला वीस हजार किमतीतून कमी करायला सांगा, आणि गाडी ताब्यात आली की ती आधी मेकॅनिककडे न्या.