शेळीचे दूध चालेल का?

प्रश्न : सात महिन्यांच्या बाळाला गाईचे दूध पाजताच अंगावर गांधी उठतात. शेळीचे दूध द्यावे का?

उत्तर : दूध प्यायल्यावर लगेच गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या होणे ही दुधातील प्रथिनांच्या ॲलर्जीची लक्षणे असू शकतात. शेळी-म्हशीच्या दुधातील प्रथिने बरीचशी तशीच असल्याने तेही टाळावे. स्तनपान चालू ठेवावे. मऊ भात, वरण, नाचणीची पेज द्यावी. बिस्किटाच्या पुड्यावर ‘मिल्क सॉलिड्स’ लिहिले आहे का, ते पाहावे. निदान बालरोगतज्ज्ञांकडून करून घ्यावे. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयात जाते. मात्र दूध पुन्हा देऊन पाहणे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे. श्वास घरघरला किंवा बाळ मलूल पडले, तर तात्काळ रुग्णालय गाठावे; महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.